क्रूझला निघण्यापूर्वी जहाज ओळखा

फिनलंडमधल्या तुर्कू इथल्या गोदीत बांधून झालेले ‘ओएसिस ऑफ द सीज’ हे प्रवासी जहाज २००९ मध्ये बाल्टिक समुद्रातून अटलांटिककडे निघाले, तेव्हा वाटेत डेन्मार्कचा स्टोरबेल्ट पूल आडवा होता. पुलाखाली पाण्यापासून मोकळी जागा ६५ मीटर, आणि जहाजाची पाण्यावरची उंची ७२ मीटर. बांधणाऱ्यांनी ही अडचण आराखड्यातच सोडवून ठेवली होती. जहाजाची धुराडी एकात एक सरकून खाली येतील अशी केलेली होती. ती खाली घेतली गेली. मग पूल जवळ आल्यावर कप्तानाने वेग कमी न करता उलट वाढवला. उथळ पाण्यातून वेगाने जाणाऱ्या जहाजाखालचा पाण्याचा दाब घटतो आणि जहाज किंचित खाली बसते. त्या बसण्याने आणखी थोडी जागा मिळाली, आणि सुमारे दोन फुटांचे अंतर राखून ते अवाढव्य जहाज पुलाखालून पार झाले.

क्रूझची जाहिरात पाहताना हे सगळे दिसत नाही. दिसतात ते पोहण्याचे तलाव, नाटकघर, रोषणाई आणि जेवणाची लांबच लांब टेबले. पण ज्यावर आपण राहायला जातो ते आधी जहाज असते. ते पाणी, त्याची खोली, वारा, भरती-ओहोटी आणि बंदरांचे कायदे यांना बांधलेले असते. खोली कोणती घ्यावी, कोणत्या महिन्यात जावे, सामानात काय नसावे, बंदरावर किती वाजता परतावे, या प्रश्नांची खरी उत्तरे त्या जहाजाच्या रचनेत आणि चालण्यात सापडतात. म्हणून आधी जहाज समजून घ्यावे, मग तिकीट काढावे.

सहलीसाठी समुद्रप्रवास ही कल्पना तशी अलीकडची. हॅम्बुर्ग-अमेरिका लाइन या जहाज कंपनीचे आल्बर्ट बालिन यांच्यापुढे प्रश्न होता की हिवाळ्यात उत्तर अटलांटिक खवळलेला असताना प्रवासी कमी होतात, मग जहाजे रिकामी का ठेवायची? त्यांनी जानेवारी १८९१ मध्ये ‘ऑगुस्टा व्हिक्टोरिया’ हे जहाज सुमारे अडीचशे पर्यटकांना घेऊन भूमध्य समुद्राच्या फेरीवर पाठवले. पुढे १९५८ मध्ये अटलांटिकवरून जेट विमाने उडू लागली आणि नुसते पोहोचण्यासाठी बोटीने जाण्याची गरज संपत गेली. जहाज कंपन्या टिकल्या त्या बालिन यांच्या वाटेनेच.

आता आकाराविषयी, कारण इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. जहाजाचे ‘ग्रॉस टनेज’ म्हणजे त्याचे वजन नव्हे. ते जहाजाच्या आतल्या बंदिस्त जागेचे माप आहे. मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा फेऱ्या करणारे कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज १९९० मध्ये पाण्यात आले, आणि त्याचे ग्रॉस टनेज ४८,५६३ आहे. ‘टायटॅनिक’चे होते सुमारे ४६,३२८. म्हणजे मुंबईच्या बॅलार्ड पिअरला लागणारे हे जहाज लांबीने कमी असले, तरी आतल्या जागेच्या हिशेबाने ‘टायटॅनिक’पेक्षा थोडे मोठेच आहे. आणि जागतिक क्रूझच्या व्यवहारात ते आज लहान गणले जाते! जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून पहिल्या सफरीला निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’चे टनेज २,४८,६६३ आहे, लांबी सुमारे ३६५ मीटर.

या आकड्याचा प्रवाशाला थेट उपयोग होतो. टनेजला प्रवाशांच्या संख्येने भागावे. जे उत्तर येते ते माणशी किती जागा आहे हे सांगते. तिशीच्या खालचे उत्तर म्हणजे गर्दी जाणवणार. चाळिशीच्या वर ऐसपैस. ‘आयकॉन’वर प्रत्येक खोलीत दोघे धरले तर ५,६१० प्रवासी होतात आणि उत्तर चव्वेचाळीसच्या आसपास येते. पण खोल्यांतले तिसरे-चौथे पलंगही भरले तर प्रवासी ७,६०० पर्यंत जातात आणि तेच उत्तर तेहतिसाच्या खाली उतरते. जहाज तेच, सहल वेगळी. मुलांच्या शाळांना सुट्ट्या असतात तेव्हा हे वरचे पलंग भरतात. शांतता हवी असलेल्या ज्येष्ठांनी म्हणूनच दिवाळी, नाताळ आणि मे महिना टाळून तारखा शोधाव्यात. बहुधा भाडेही उतरलेले मिळते.

खोली निवडताना बहुतेक जण बाल्कनी आहे की नाही एवढेच पाहतात. त्याहून महत्त्वाची आहे ती खोलीची जहाजातली जागा. लाटांवर जहाज दोन प्रकारे हलते. एक, डावी-उजवीकडे कलणे. दुसरे, पुढचा भाग वर जाऊन मागचा खाली येणे आणि पुन्हा उलट. दुसऱ्या हालचालीत जहाज बागेतल्या सी-सॉसारखे वागते: टोके खूप वरखाली होतात, मधला भाग जवळपास जागेवर राहतो. कलण्याचा त्रास जितके उंच जाल तितका वाढतो. ज्यांना बोट लागते त्यांनी मधोमध आणि खालच्या मजल्यावरची खोली घ्यावी. गंमत अशी की हीच खोली सहसा स्वस्त असते, आणि सर्वांत वरच्या, सर्वांत पुढच्या महागड्या स्वीटमध्ये वादळात सर्वांत जास्त हेलकावे बसतात.

कलणे कमी करण्यासाठी आधुनिक जहाजांच्या पोटाला, पाण्याखाली, दोन्ही बाजूंना पंखांसारखी पाती असतात. जहाज कलू लागले की पात्यांचा कोन बदलतो, वाहत्या पाण्याचा जोर उलट बाजूने बसतो आणि कल बराचसा जिरतो. मोठ्या प्रवासी जहाजावर ही सोय सुरुवातीला बसवली गेली त्यात पी अँड ओ कंपनीचे ‘चुसान’ होते, आणि १९५० मधली त्याची नियमित मार्गावरची पहिली सफर लंडनहून मुंबईची होती. पण या पात्यांनी पुढे-मागे होणारे हेलकावे थांबत नाहीत, आणि जहाज अगदी संथ असेल तर पात्यांवरून पुरेसे पाणीच वाहत नाही. तेव्हा ‘आता जहाज हलतच नाही’ या आश्वासनावर पूर्ण विसंबू नये.

बोट लागण्याचे कारण पोटात नाही, कानात आहे. आतल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा मेंदूला सांगते की शरीर हलते आहे; डोळ्यांसमोर खोलीच्या भिंती स्थिर असतात. या विसंगतीने मळमळ सुरू होते. म्हणून खोलीत पडून मोबाइल पाहणे हा सर्वांत वाईट उपाय. उघड्या डेकवर यावे, वारा घ्यावा आणि दूर क्षितिजावर नजर ठेवावी. पोट रिकामे ठेवू नये, तुडुंबही भरू नये. आले पुष्कळांना उपयोगी पडते. गोळी घ्यायचीच असेल तर ती उलटी सुरू होण्याआधी घेतली तरच नीट काम करते. कोणती आणि किती, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. काही गोळ्यांनी खूप झोप येते, आणि रक्तदाब, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना काही गोळ्या चालत नाहीत.

हलण्याखेरीज आवाजाचाही विचार करावा. जहाजाचा नकाशा कंपनीच्या संकेतस्थळावर असतो. आपल्या खोलीच्या वर आणि खाली काय आहे ते त्यावर पाहावे. वर तलावाचा डेक असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचे आवाज येतात, खाली नाटकघर असेल तर रात्री ढोल. वर-खाली दोन्हीकडे खोल्याच असलेली खोली सर्वांत शांत. ‘गॅरंटी’ नावाने स्वस्त विकली जाणारी खोली म्हणजे जागा कंपनी ठरवणार. झोपेला हलक्या माणसाने ती घेऊ नये.

ऋतू तर समुद्राचाच असतो. अरबी समुद्र जूनपासून सप्टेंबरपर्यंत नैऋत्य मोसमी वाऱ्यांनी खवळलेला असतो. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करूनच होड्या समुद्रात लोटणाऱ्या कोळी समाजाने हे पंचांग पिढ्यान्‌पिढ्या पाळले आहे. मुंबईहून गोवा-लक्षद्वीप करायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सुखाचा. भूमध्य समुद्र एप्रिल ते ऑक्टोबर, अलास्का मे ते सप्टेंबर, अंटार्क्टिका नोव्हेंबर ते मार्च. कॅरिबियनला जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम असतो. तेव्हा तिकिटे स्वस्त दिसतात, पण ऐनवेळी बंदरे बदलतात. मार्ग बदलण्याचा अधिकार कप्तानाला आहे आणि तिकिटाच्या अटींत ते लिहिलेलेही असते.

यानंतरची गोष्ट फार थोडे लोक आधी तपासतात: कार्यक्रमपत्रिकेत लिहिलेले शहर आणि जहाज लागते ते बंदर पुष्कळदा एक नसते. ‘रोम’ म्हणजे चिवितावेक्किया, रोमपासून आगगाडीने तासाभराच्या अंतरावर. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो. ‘पॅरिस’ म्हणजे ल हाव्र. तिथून पॅरिसला जाऊन यायचे तर दिवसाचा मोठा भाग रस्त्यातच जातो. ‘बर्लिन’ म्हणजे बाल्टिकच्या काठचे वार्नेम्युंडे, ‘बँकॉक’ म्हणजे बहुतेकदा लाएम चाबांग. इटलीने ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना व्हेनिसच्या जुन्या शहराजवळच्या जलमार्गात बंदी घातली, त्यामुळे पत्रिकेत ‘व्हेनिस’ असले तरी जहाज मार्गेरा, त्रिएस्ते किंवा राव्हेन्ना इथे लागू शकते. आपल्याकडेही ‘गोवा’ म्हणजे मुरगाव. पणजी तिथून बरीच दूर आहे. जहाज किती वाजता लागते, किती वाजता सुटते आणि मधले अंतर किती, हे तीन आकडे कागदावर मांडले की कोणते बंदर खरोखर पाहून होईल ते लगेच कळते.

बंदरांमुळेच व्हिसाचा प्रश्न अवघड होतो. देशांतर्गत फेरीला आधार कार्डासारखे सरकारी ओळखपत्र सहसा पुरते. परदेशी फेरीत मात्र जहाज एका देशातून निघून दुसऱ्यात जाते आणि पुन्हा पहिल्यात परतते. तुम्ही खाली उतरा अगर न उतरा, तुमचा प्रवेश दुसऱ्यांदा होतो. सिंगापूरहून निघून सिंगापूरला परतणाऱ्या किंवा शेंगेन देशातून निघून तुर्कस्तानला जाऊन येणाऱ्या भारतीय प्रवाशाला एकदाच प्रवेश देणारा व्हिसा पुरत नाही. अलास्काचे उदाहरण तर फार बोलके आहे. अमेरिकेच्या १८८६ च्या कायद्याप्रमाणे परदेशी नोंदणीच्या जहाजाला दोन अमेरिकी बंदरांदरम्यान थेट प्रवासी नेता येत नाहीत. म्हणून सिएटलहून निघणारी अशी जहाजे मध्ये कॅनडातल्या व्हिक्टोरियासारख्या बंदराला काही तास थांबतात. त्या काही तासांमुळे अमेरिकी व्हिसा असलेल्या भारतीयाला कॅनडाच्याही व्हिसाची तजवीज करावी लागते. तिकीट विकणारा हे सांगेलच असे नाही. त्या त्या देशाच्या अधिकृत माहितीवरून स्वतः तपासावे.

जहाज सुटण्याच्या दिवशीच विमानाने बंदराच्या शहरात उतरण्याचे धाडस करू नये. विमान उशिरा आले तर जहाज थांबत नाही. आदल्या दिवशी पोहोचावे. मुंबईकरांना आता ही काळजी नाही. बॅलार्ड पिअरला २०२५ मध्ये सुरू झालेले आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल शहराच्या पोटातच आहे. कधी काळी इथेच विलायतेची डाक घेऊन येणारी जहाजे लागत आणि धक्क्याला लागून असलेल्या मोल स्टेशनातून फ्रंटियर मेल ही आगगाडी सुटत असे.

जिथे पाणी उथळ असते किंवा धक्का नसतो तिथे मोठे जहाज बाहेर उभे राहते आणि लहान बोटींनी प्रवासी किनाऱ्याला नेले जातात. लक्षद्वीपला हेच होते, ग्रीसमधल्या सांतोरिनीलाही. भाऊच्या धक्क्यावरून जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत जाणाऱ्या आगबोटींतून ज्यांनी प्रवास केला त्यांना पडावात उतरणे नवीन नाही. बोट लाटेवर वर आली की पाय टाकायचा, खाली जात असताना नाही, आणि खलाशाचा हात मनगटापाशी धरायचा. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी तिकीट काढण्यापूर्वीच अशी बंदरे किती आहेत ते विचारावे. समुद्र उसळलेला असेल तर अशी बंदरे ऐनवेळी गाळली जातात. सांतोरिनीत जुन्या बंदरापासून वरच्या गावापर्यंत ५८८ पायऱ्या आहेत. केबल कार आहे, पण अनेक जहाजे एकदम आली की तिच्यापुढे मोठी रांग लागते, आणि परतताना ती रांगही वेळेत धरावी लागते.

कारण जहाजाचे घड्याळ वेगळे असू शकते. प्रत्येक बंदरात जहाज आपली वेळ बदलतेच असे नाही. मोबाइल मात्र किनाऱ्यावरची वेळ आपोआप घेतो. तासाभराच्या या फरकाने लोकांची जहाजे चुकतात. साधे मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवावे. ‘सर्वांनी परत यावे’ अशी जी वेळ दिलेली असते ती सहसा सुटण्याच्या अर्धा तास आधीची असते. जहाजातर्फे घेतलेल्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज सहसा वाट पाहते. स्वतः टॅक्सी करून गेलेल्यासाठी थांबत नाही. तेव्हा दूरच्या ठिकाणी कंपनीची सहल घ्यावी, जवळचे गाव स्वतः पायी पाहावे. मोबाइल समुद्रात एअरप्लेन मोडवर ठेवावा. नाहीतर तो जहाजावरच्या, उपग्रहावर चालणाऱ्या नेटवर्कला जोडला जातो आणि त्याचे बिल रोमिंगच्या नेहमीच्या पॅकमध्ये बहुधा बसत नाही.

सुरक्षेच्या कवायतीबद्दल मला आग्रहाने लिहावेसे वाटते. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट वादळी समुद्रात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकणातल्या कितीतरी घरांत ती आठवण अजून आहे. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळले. आधुनिक, सर्व साधनांनी सज्ज असे जहाज. तरी ३२ माणसे मरण पावली. त्या संध्याकाळी चिवितावेक्कियाला चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत अजून व्हायचीच होती, कारण तेव्हाच्या नियमाप्रमाणे ती चोवीस तासांत घेतली तरी चालत असे. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला: २०१५ पासून कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घ्यावी लागते. आता अनेक जहाजांवर मोबाइलवर चित्रफीत पाहून आपल्या जमण्याच्या जागी हजेरी लावायची असते. चित्रफीत चालू ठेवून दुसरीकडे पाहू नये. सात आखूड भोंगे आणि एक लांब भोंगा हा धोक्याचा इशारा. तो ऐकल्यावर लिफ्ट घ्यायची नाही, सामानासाठी खोलीत परतायचे नाही. आपल्या खोलीपासून जमण्याच्या जागेपर्यंत जिन्याने एकदा चालून जावे, मुलांना आणि आजी-आजोबांनाही चालवावे. लहान मुलांसाठी वेगळ्या मापाचे लाइफ जॅकेट मागून घ्यावे लागते.

जहाजावर पाण्यापेक्षाही आगीची भीती मोठी. आपल्या सामानातली बरीचशी जप्ती याच कारणाने होते. इस्त्री, पाण्याची विजेची किटली, खोलीत डाळ-भात लावण्याचा छोटा कुकर, एक्स्टेंशन बोर्ड, मेणबत्ती, उदबत्ती, निरांजन यांपैकी काहीही नेऊ नये. चढतानाच काढून घेतात. गरम पाणी आणि चहा चोवीस तास मिळतो. शाकाहारी, जैन किंवा उपवासाचे जेवण हवे असेल तर तिकिटाच्या वेळीच लेखी कळवावे, आणि पहिल्या संध्याकाळी मुख्य वेटरला पुन्हा सांगावे. खोलीच्या भिंती पोलादी असतात, त्यामुळे चुंबकाचे आकडे नेले तर ओले कपडे आणि टोप्या अडकवायची छान सोय होते.

जहाज आपले गोडे पाणी स्वतः करते, हे मला या सगळ्यातले खरे आश्चर्य वाटते. इंजिनाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर, दाब कमी केलेल्या टाकीत समुद्राचे पाणी शंभर अंशांच्या बऱ्याच खाली उकळते. त्याची वाफ थंड करून पाणी मिळवतात. जोडीला दाबाने पडद्यांतून पाणी गाळणारी यंत्रेही असतात. मग त्यात क्षार घालून, निर्जंतुक करून ते नळाला सोडतात. मोठ्या कंपन्यांच्या जहाजांवर हे पाणी पिण्यायोग्य असते; रिकामी बाटली नेली की विकतच्या बाटल्यांचे पैसे वाचतात. संडास हवेच्या ओढीवर चालतात. त्यांत ओला टिश्यू किंवा बाळाचा लंगोट टाकला तर एका खोलीचे नव्हे, अख्ख्या ओळीचे संडास बंद पडू शकतात.

हजारो माणसे एकत्र जेवतात तिथे जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरस झपाट्याने पसरतो. सॅनिटायझर त्याच्यावर फारसा चालत नाही, साबण आणि पाणी चालते. जेवणाआधी दर वेळी हात धुवावेत. अमेरिकी बंदरांना जाणाऱ्या जहाजांची स्वच्छता तिथली सीडीसी ही सरकारी संस्था तपासते, शंभरपैकी गुण देते आणि ते जाहीर करते. ८५ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे नापास. आपले जहाज त्या यादीत असेल तर पाहून घ्यावे. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याची फी भारी असते, आणि गंभीर रुग्णाला हेलिकॉप्टरने हलवायचे तर खर्च कुटुंबाची कंबर मोडेल इतका होतो. आजारी माणसाला हलवण्याचा खर्च स्पष्ट लिहिलेला प्रवास विमा घ्यावा आणि आधीचे आजार त्यात खरे सांगावेत. गर्भवतीला सहसा चोविसाव्या आठवड्यानंतर घेत नाहीत, सहा महिन्यांखालच्या बाळालाही नाही.

तिकिटात राहणे आणि मुख्य जेवण येते. मद्य, खास उपाहारगृहे, इंटरनेट, किनाऱ्यावरच्या सहली हे वेगळे. बहुतेक परदेशी जहाजांवर दर माणशी, दर दिवशी सेवाशुल्कही प्रवाशाच्या जहाजावरच्या खात्यावर चढते. काही प्रवासी ते जहाजावरच्या चौकशीच्या खिडकीवर जाऊन काढून टाकायला सांगतात. तसे करू नये असे माझे मत आहे. ते पैसे खोली झाडणाऱ्या आणि ताटे वाढणाऱ्या माणसांच्या मिळकतीचा भाग असतात. सलग सहा-नऊ महिने घरापासून दूर काम करणाऱ्या या लोकांत मुंबईचे, कोकणातले आणि गोव्याचे तरुण पुष्कळ असतात. त्यांना चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती मिळावी असा नियम आंतरराष्ट्रीय कराराने करावा लागला, एवढ्यावरून कामाचा भार कळावा.

चढताना मोठ्या बॅगा धक्क्यावरच घेतल्या जातात आणि खोलीत यायला संध्याकाळ होते. पासपोर्ट, औषधे, चष्मा, चार्जर आणि एक जोडी कपडे खांद्यावरच्या पिशवीत ठेवावेत. उतरण्याच्या आदल्या रात्री बॅगा पुन्हा खोलीबाहेर ठेवायच्या असतात. सकाळी घालायचे कपडे आणि पादत्राणे त्यात जाणार नाहीत एवढे पाहावे. पासपोर्ट जहाजाने ठेवून घेतला असेल तर तो कुठे आणि किती वाजता परत मिळेल हे त्याच रात्री विचारून घ्यावे, आणि खात्याचे बिल खिडकीवर रांग लागण्यापूर्वी तपासावे.